पिठाचं दूध, बेसनाचा मासा

पनीरवर आयोडीन टाकायची रील तुम्हीही पाहिली असेल. हॉटेलातलं टेबल, ताटलीत पनीरचा एक तुकडा, खिशातून निघालेली छोटी बाटली. थेंब पडतो, तुकडा काळानिळा होतो, मागे संगीत दणाणतं आणि रील करणारा कॅमेऱ्याकडे असा बघतो, की जणू त्यानं खुनाचा छडा लावलाय. खाली कमेंटींचा पूर. 'नकली', 'विष', 'आपली पिढी संपवणार हे लोक'.

मला या रीलींचा वैताग आलाय. आणि वैतागाचं कारण असं, की मी नकली खाण्याच्या बाजूचा माणूस आहे. नकली पनीर पनीर म्हणून विकणाऱ्याच्या बाजूचा नाही. नकलीच्या बाजूचा. या दोन बाजू वेगळ्या आहेत, हे रीलमध्ये सांगता येत नाही, म्हणून हा लेख लिहितोय.

आधी रसायनाचं उरकून घेऊ. आयोडीन स्टार्चला भेटलं की निळंकाळं होतं. त्या थेंबानं एवढंच कळतं, की इथं स्टार्च आहे. तळण्याआधी तुकड्यांना कॉर्नफ्लोर चोळलं असेल, तर अस्सल म्हशीच्या दुधाचं पनीरही काळं पडेल. उलट दुधाची पावडर आणि पामतेल वापरून, स्टार्चचा कणही न घालता केलेला ठोकळा या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास होईल. म्हणजे चाचणी चुकीची, निकाल चुकीचा आणि त्यावरची आरडाओरड तर त्याहून चुकीची.

तो पामतेलाचा ठोकळा बेकायदेशीर असतो, असंही नाही. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात त्याला जागा आहे. त्याला 'अ‍ॅनालॉग' म्हणायचं, पनीर म्हणायचं नाही, आणि पाकिटावर तसं छापायचं. आता गंमत बघा. पाकिटावर सगळं छापलेलं असतं, पण पाकीट हॉटेलच्या मागच्या दारानं आत जातं. पुढच्या दारानं आत आलेल्या माणसाच्या हातात मेनूकार्ड पडतं, आणि त्यावर 'पनीर बटर मसाला' असतो. दर पनीरचा. लबाडी त्या दोन दारांच्या मधे कुठंतरी होते. ठोकळा बिचारा शांतपणे जे आहे ते आहे.

मग आपण ठोकळ्यावर का भडकतो? कारण 'नकली' हा शब्द उच्चारला की आपला मेंदू पुढचा विचार करायचा थांबतो. अस्सल म्हणजे आई, गाव, माती, शुद्धता. नकली म्हणजे कारखाना, चीन, कॅन्सर. ही विभागणी इतकी सोयीची आहे, की तिच्यामागे काहीही लपवता येतं.

बेसनाचा मासा

जुन्नर-आंबेगावकडे कुणाच्या घरी गेलात आणि तुमच्यावर मेहेरबानी झाली, तर तुम्हाला मासवडी मिळेल. नावात मासा आहे, ताटात माशाचं खवलंही नाही. बेसन पाण्यात घोटून घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं आणि फडक्याच्याच मदतीनं त्याची गुंडाळी करायची. मग हातानं दाबून तिला माशाचा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी.

माझी मावशी मासवडी करते तेव्हा तिचं अर्धं लक्ष सारणाकडे आणि अर्धं आकाराकडे असतं. वडीचा काप चपटा, एका बाजूला निमुळता, माशाच्या तुकडीसारखा दिसलाच पाहिजे. गोल झाली तर चव तीच राहील, हे तिला माहीत आहे. तरी ती गोल होऊ देत नाही. मी एकदा विचारलं, "काय फरक पडतो?" तर म्हणाली, "मग तिला मासवडी कशाला म्हणायचं?"

नकलीच्या बाजूनं करता येईल तो सगळा युक्तिवाद मला त्या उत्तरात दिसतो. मासवडी खाणाऱ्या एकालाही आजवर फसवल्यासारखं वाटलेलं नाही. मासे खाणारे ती खातात, माळकरी ती खातात. आपण मासा खात नाही हे माहीत असणं आणि तरी जिभेनं-डोळ्यांनी माशाचा खेळ खेळणं, या दोन गोष्टी एकाच घासात होतात. मजा त्या दुहेरीपणात आहे. कुणी मला 'हा अगदी खरा मासाच आहे' असं पटवून दिलं, तर माझी मजा जाईल. खरा मासा हवा असेल तर मी खरा मासा खाईन की!

हे फक्त आपलंच नाही. चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांत गव्हातलं ग्लुटेन वेगळं काढून त्याचं बदक केलं जातं. जपानात टोफूत भाज्या घालून तळलेल्या गोळ्यांना 'गानमोदोकी' म्हणतात, म्हणजे 'हंसासारखं काहीतरी'. बंगालीत कोवळ्या फणसाला 'गाछपाठा' म्हणतात, झाडावरचा बोकड. आपल्या कोकणात तोच कोवळा फणस कुयरीची भाजी म्हणून निवांत ओलं खोबरं अंगावर घेऊन ताटात येतो, त्याला बोकड व्हायची हौस नाही. दोन्ही छान. एकच फळ एका किनाऱ्यावर नट आहे आणि दुसऱ्या किनाऱ्यावर स्वतःच आहे.

आणि ज्यांना 'आम्ही असलं नकली काही खात नाही' असं वाटतं, त्यांच्यासाठी थोडी माहिती. बेकरीतल्या केकवरची लालभडक चेरी ही बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असते. टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. आणि एकादशीचा साबुदाणा? मूळचा सागो हा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या खोडातून काढलेला स्टार्च. आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वनस्पतीचा, आणि 1940च्या दशकापासून तमिळनाडूत सेलमच्या आसपास तो बनवला जातोय. म्हणजे एका परदेशी पिठाची दुसऱ्या परदेशी पिठानं केलेली नक्कल. त्यात शेंगदाणे आणि मिरची घालायची, तेही अमेरिका खंडातून आलेले. आणि त्यावर विठ्ठलाचं नाव घ्यायचं. विठ्ठलाची काही तक्रार असल्याचं ऐकिवात नाही. पुढे वरईचा भात आहे, उपवासाचा डोसा आहे, उपवासाची मिसळ आहे. उपवासाचं ताट ही महाराष्ट्राची सर्वांत मोठी नकली खाद्यपरंपरा आहे आणि आपण ती दर आषाढात दोनदा मागून घेऊन खातो.

न खायचं खाणं

आता जे मुळीच खायचं नसतं त्याच्याकडे वळू. जपानी हॉटेलांच्या काचेमागे मांडलेले नकली पदार्थ तुम्ही फोटोत पाहिले असतील. वाफाळतोय असं वाटणारा रामेन, हवेत तरंगणारा काटा आणि त्याला गुंडाळलेली स्पॅगेटी. हा धंदा म्हणून उभा केला तो ताकिझो इवासाकी यांनी. गाव गुजो हाचिमान, कंपनी ओसाकात, साल 1932. आधी मेणाचे, नंतर प्लास्टिकचे. खऱ्या पदार्थाचा साचा घ्यायचा, त्यात माल ओतायचा आणि मग माणसानं हातात ब्रश घेऊन रंगवायचं. करपलेल्या कडेचा तपकिरी, सोयासॉस मुरलेल्या भाताचा करडा. टोकियोत कप्पाबाशी नावाची अख्खी गल्ली आहे, तिथं हे विकत मिळतं आणि खऱ्या जेवणापेक्षा कितीतरी महाग मिळतं.

आपल्याकडे हे नाही म्हणता? रुखवत आठवा. मुलीकडच्यांनी मांडलेले लाडू, करंज्या, चिरोटे, कोरलेलं खोबरं. पूर्वी खायला होतं, आता लोकरीचा, मातीचा आणि थर्माकोलचा फराळ ऑनलाइन मागवता येतो. गौरीपुढे मांडायचं नकली नैवेद्याचं ताट मिळतं. फ्रिजवर चिकटवायचा वडापाव मिळतो. आणि संक्रांतीला तर आपण हा खेळ उलटाच करतो. साखरेच्या पाकाचे थरावर थर देऊन काटेरी हलवा करायचा आणि त्याचा हार, बांगड्या, बाजूबंद करून नव्या सुनेच्या किंवा बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर घालायचे. जगभर माणसं नकली खाऊ बनवतात, आपण खाऊचं नकली सोनं बनवतो. बाळ ते दागिने चाटतं आणि कुणी पोलिसात जात नाही.

या सगळ्याचं आकर्षण कुठून येतं? मला वाटतं भातुकलीतून. चुरमुऱ्यांचा भात, पाल्याची भाजी, मातीच्या वड्या. 'खोटं खोटं जेवायचं हं' असं बजावून वाढलेलं जेवण. त्या 'खोटं खोटं'मध्ये खोटेपणा शून्य असतो, कारण वाढणारीलाही माहीत असतं आणि जेवणाऱ्यालाही. मिटक्या मात्र खऱ्या मारायच्या असतात, नाहीतर डाव मोडतो.

पण मला जपानी काचेमागच्या रामेनबद्दल जास्त आदर वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. तो प्लास्टिकचा वाडगा एक वचन असतो. आत बसल्यावर एवढ्याच आकाराच्या वाडग्यात, एवढेच नूडल्स, एवढंच अर्धं अंडं येईल. गिऱ्हाईक उठून काचेकडे बोट दाखवू शकतं.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे बघा. जेवण मागवायचं अ‍ॅप उघडा. तिथला बिर्याणीचा फोटो कुठल्या हंडीचा आहे? कुठल्याच नाही. खाली बारीक अक्षरात 'चित्र प्रातिनिधिक' असतं, किंवा तेही नसतं. तोच फोटो तीन वेगळ्या हॉटेलांच्या नावाखाली दिसतो, आणि ती तीन हॉटेलं कधीकधी एकाच क्लाउड किचनच्या एकाच कढईतून जेवण पाठवतात. जाहिरातीतल्या खाण्याचं तर विचारूच नका. आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा, दुधाच्या जागी डिंक, पाकाच्या जागी इंजिन ऑइल, या खाद्यछायाचित्रणातल्या जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या युक्त्या आहेत. दिवसातून दहा वेळा आपण हे नकली अन्न डोळ्यांनी खातो आणि त्यावर आयोडीन टाकावं असं एकालाही वाटत नाही. प्लास्टिकचा रामेन निदान कबूल करतो की तो प्लास्टिकचा आहे.

गुलाबी लोणी

नकलीवर चिडण्याचा इतिहास जुना आहे आणि तो बहुतेक वेळा शुद्धतेचा नसून धंद्याचा इतिहास आहे. 1869मध्ये फ्रान्समध्ये मेज-मूरिए या रसायनशास्त्रज्ञानं गुरांच्या चरबीपासून लोण्यासारखा पदार्थ केला. तिसऱ्या नेपोलियनला गरिबांसाठी आणि नौदलासाठी स्वस्त लोणी हवं होतं. हेच मार्जरिन. ते अमेरिकेत पोचलं आणि तिथल्या दूधवाल्यांचं धाबं दणाणलं. काही राज्यांनी असा कायदा केला, की मार्जरिन विकायचं तर गुलाबी रंगवून विका. गुलाबी लोणी पावाला कोण लावणार? 1898मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यू हॅम्पशायरचा तो कायदा रद्द केला. तर पिवळ्या मार्जरिनवर जबर कर बसला. मग लोक पांढरं मार्जरिन आणि सोबत मिळणारी रंगाची पुडी घरी नेऊन हातानं मळायचे. विस्कॉन्सिनमध्ये रंगीत मार्जरिनवरची बंदी थेट 1967पर्यंत टिकली.

आपल्याकडे 1937मध्ये डालडा आला आणि हाच वाद सुरू झाला. वनस्पतीला रंग द्या, म्हणजे तुपात मिसळता येणार नाही, अशी मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. रंगाचं काही जमलं नाही. पण एक फार शहाणी गोष्ट झाली. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलात असं काही द्रव्य असतं, की विशिष्ट आम्ल आणि फरफ्युरल घातलं की ते गुलाबी-लाल होतं. म्हणजे वनस्पती वनस्पती म्हणून खाल्लं तर जिभेला काही कळायचं नाही, पण ते तूप म्हणून विकलं तर प्रयोगशाळेत तीळ साक्ष द्यायचा. अमेरिकेनं गरिबाच्या पावावर गुलाबी शिक्का मारला. आपण शिक्का लबाडासाठी राखून ठेवला.

डालड्याचं समर्थन मी करत नाही. त्यातल्या ट्रान्सफॅटनं खऱ्याखुऱ्या माणसांच्या खऱ्या रक्तवाहिन्यांचं नुकसान केलं, आणि तेला-चरबीतल्या ट्रान्सफॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी 2022 उजाडावा लागला. पण बघा, नुकसान ट्रान्सफॅटनं केलं. ते तुपासारखं दिसत होतं म्हणून नाही. विष असेल तर त्याला विष म्हणा, त्याचं नाव घ्या, प्रमाण सांगा. 'नकली' हा आरोपच नव्हे, ते वर्णन आहे.

पिठाचं दूध

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आपल्या प्रत्येकाच्या कानावर लहानपणी पडलेली असते. द्रोणाचार्यांच्या घरी गाय नाही. अश्वत्थामा दुधासाठी रडतो. आई पाण्यात पीठ कालवून देते, पोरगं ते पिऊन नाचतं, 'मी दूध प्यायलो!' डोळे पुसत ऐकायची गोष्ट.

महाभारताच्या आदिपर्वात ती अशी नाही. तिथं पीठ कालवून देणारी आई नाही. तिथं श्रीमंतांची मुलं आहेत. ती स्वतः दूध पितात, याला पिठाचं पाणी देतात, हा नाचतो आणि ती हसतात. बापाच्या दारिद्र्याची टिंगल होते. ते हसू ऐकून द्रोण द्रुपदाकडे जातात, तिथं अपमान होतो आणि पुढचं वैर तुम्हाला माहीत आहे.

वाटी एकच, पीठ एकच. पण आपण ती वाटी श्रीमंत पोरांच्या हातातून काढून आईच्या हातात दिली, तेव्हा गोष्टीतली सगळी चीड नाहीशी झाली आणि नुसती करुणा उरली. माझ्या मते नकली पनीरचं आज हेच होतंय, फक्त उलट्या दिशेनं. ज्याला 400 रुपये किलोचं पनीर परवडत नाही, त्यानं निम्म्या किमतीत, जाणूनबुजून, अ‍ॅनालॉगची भाजी खाल्ली, तर तो आईच्या हातचा पर्याय आहे. पण त्याला पनीरचे पैसे घेऊन अ‍ॅनालॉग वाढलं, तर ती हसणारी पोरं आहेत. आपण आयोडीनची बाटली घेऊन पिठाची चौकशी करतोय. वाटी कुणाच्या हातात आहे ते बघत नाही.

यात वर्ग कसा काम करतो तेही बघा. कॅफेत बदामाचं 'दूध' घातलेल्या कॉफीला जादा पैसे पडतात आणि ती जीवनशैली असते. सोयाचा बर्गर इंग्रजी नाव लावून आला की तो पृथ्वी वाचवतो. चौकातल्या गाडीवरचा पामतेलाचा ठोकळा मात्र भेसळ. दोन्हीकडे दूध नाही, दोन्हीकडे मांस नाही. फरक एवढाच, की एकीकडे गिऱ्हाइकाला पर्याय सांगितला गेलाय आणि दुसरीकडे त्याच्यापासून लपवलाय. म्हणजे गरिबाला खरं सांगण्याच्या लायकीचंही समजलं जात नाही. माझा राग तिथं आहे.

पिठाचा कोंबडा

एक शेवटची गोष्ट, आणि ही टोचणारी आहे. जैन परंपरेत यशोधर राजाची कथा आहे. त्याची आई त्याला देवीपुढे बळी द्यायला सांगते. तो जीव मारायला तयार नसतो, म्हणून तडजोड होते आणि पिठाचा कोंबडा बळी दिला जातो. कथा म्हणते, त्या पिठाच्या कोंबड्याचंही पाप लागलं आणि आई-मुलाला जन्मोजन्मी पशू व्हावं लागलं. कारण मनात मारण्याचा भाव होता. दुसरीकडे मध्वाचार्यांच्या परंपरेनं यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू चालवून घेतला. एकाच देशात एकाच पिठाला दोन निकाल.

मी पिठाच्या कोंबड्याच्या बाजूनं आहे. कारण गोष्टीबाहेर एक खरा कोंबडा जिवंत राहतो. 'व्हेज कोल्हापुरी', सोयाचा खिमा, सोया चाप, पाटवडीचा रस्सा, बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलेली जैन पावभाजी, हे सगळं मला मनापासून आवडतं. संयम पाळून जिभेचं समाधान करणं यात ढोंग नाही, ती कारागिरी आहे.

पण यशोधराच्या कथेचा अर्धा भाग मी सोडत नाही. नकलेत इच्छेची कबुली असते. तुम्ही मटणाच्या मसाल्यात सोया शिजवता, तेव्हा तो मसाला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मटणावर घोटून सिद्ध केला, त्यांचं तुम्ही देणं लागता. आणि मुंबई-पुण्यात अशा सोसायट्या आहेत, जिथं मांसमच्छी खाणाऱ्याला घर मिळत नाही. घर शोधताना मला फोनवर आधी बजेट विचारलं गेलं नाही, आधी 'नॉनव्हेज खाता का' विचारलं गेलं. अशाच सोसायट्यांच्या गच्चीवरच्या पार्टीत 'व्हेज सीख कबाब' आणि 'व्हेज मटण बिर्याणी' येते. चव चालते, माणूस चालत नाही. सोयाचं मटण जिन्यातून वर जातं आणि मटणाचा मसाला ज्याच्या घरचा, तो गेटवर उभा. खाण्यातला असा खोटेपणा कुठल्याही आयोडीननं काळा पडत नाही.

तेव्हा माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. जे आहे त्याचं नाव मेनूकार्डावर लिहा, पाकिटावर नव्हे. दर त्या नावाचा लावा. आणि ज्याची चव उचललीत त्याच्यासाठी दार उघडं ठेवा. एवढं झालं, की बाकी खुशाल नक्कल करा, हवी तेवढी करा, नक्कल करायलाही अक्कल लागते.

उद्या एखाद्या हॉटेलच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं, 'अ‍ॅनालॉग मसाला, 110 रुपये. पनीर मसाला, 220 रुपये', तर मी आत जाईन. महिनाअखेर असेल तर पहिला मागवीन, आणि पगार झाला असेल तरी बहुतेक पहिलाच, त्या फळ्यासाठी.